नऊ नंबरचा फोन

दुपारचे चार वाजायला आले की वॉर्डातली प्रत्येक सिस्टर दुसरं काहीतरी काम शोधायला लागायची. रोगाला त्या कधीच्या निर्ढावल्या होत्या. पण चारला सुरू व्हायचा तो नातेवाइकांचा फोन. साथीच्या वॉर्डात नातेवाइकांना बंदी, म्हणून एका सिस्टरने टॅब हातात घेऊन खाटेखाटेपाशी जायचं, यादीतला नंबर लावायचा आणि पलीकडे घरचे दिसले की टॅब पेशंटजवळ धरायचा. प्रत्येकाला दोन मिनिटं. वीस खाटा, म्हणजे चाळीस मिनिटांत काम खलास, असं वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून कुणीतरी ठरवलं होतं. त्या शहाण्याला एकदा तरी तो प्लॅस्टिकचा सूट चढवून वॉर्डात सोडायला हवं होतं. चाळीस मिनिटांत तो स्वतःच खाटेवर पडला असता.

या कामाला कुणी तयार नसायचं, म्हणून ते तोफेच्या गळ्यात पडलं. तोफ म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत जुनी सिस्टर. वीस वर्षं नोकरी, तोंडाचा पट्टा सदा चालू, नाकावर माशी बसू द्यायची नाही. हे नाव कधीकाळी कुणा डॉक्टरने पाडलं होतं. तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. चौदा दिवस घरात कोंडून घेऊन मंगळवारी दुपारी ती कामावर परतली, तर मेट्रनबाईंनी टॅब तिच्या हातात ठेवला.

"तुमच्यापुढे कुणी जास्त बोलत नाही, सिस्टर. तुम्हीच करा."

कुणी बोलत नाही म्हणे! नऊ नंबरची लेक होती ना बोलायला. वॉर्डात तिला सगळे वकीलीण म्हणायचे. वकील नव्हती, पण उलटतपासणी अशी घ्यायची की सिस्टर लोक तिचा फोन एकमेकींवर ढकलायच्या.

बुधवारी चारला तोफेने यादी पाहिली, नऊपुढचा नंबर लावला आणि टॅब उंच धरला. नऊ नंबर पालथा झोपलेला. तसे सगळेच पालथे. पोटावर झोपवलं की फुप्फुसात हवा बरी खेळते, म्हणून वीसच्या वीस माणसं तासन्‌तास पालथी, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, डोक्यामागे त्याचे पट्टे आणि अंगावर एकाच ताग्यातले हिरवे झगे. टॅबवर लेक दिसली. शेजारी तिची आई.

"सिस्टर, हे कोण आहेत?" लेकीने विचारलं.

"कोण म्हणजे? तुमचे वडील."

"मला नाही वाटत."

"अहो बाई, काल तुमच्या आई यांच्याशीच बोलल्या ना? यांनी हात हलवला, तुम्ही दोघी रडलात. आज एका दिवसात वडील बदलले?"

"तेच म्हणतेय मी. काल त्यांनी उजवा हात हलवला. बाबा डावरे आहेत. साधा पाण्याचा ग्लास उचलायचा तरी त्यांचा डावा हात पुढे येतो."

"डाव्या हाताला सलाईन लावलंय. सुई टोचलेला हात माणूस हवेत कशाला नाचवेल? जरा डोकं चालवा."

"मग तोंड दाखवा त्यांचं."

"तोंड वळवायचं तर मास्क सरकतो. मास्क सरकला की ऑक्सिजन उतरतो. उतरला की तुम्हीच बोंब मारणार, सिस्टरने मारलं म्हणून. वळवू?"

मग आई हळूच म्हणाली, "अगं, सोड ना. त्यांना त्रास नको."

"आई, मला माझा बाप ओळखता येत नाही का?" लेक ओरडली.

"नाही येत!" तोफ तिच्यावर कडाडली. "इथे पालथं पडल्यावर कुणाला कुणाचा बाप ओळखता येत नाही. परवा एक बाई सख्ख्या दिराला नवरा समजून लाडात बोलत होती. तुमची दोन मिनिटं संपली. ठेवा."

परवा ती घरात कोंडलेली होती, म्हणजे ही दिराची गोष्ट तिने आयत्या वेळी रचलेली. पण ठोकली ती अशी की शेजारच्या खाटेपाशी उभी असलेली सिस्टर मास्कच्या आत खुदकन हसली.

साथीच्या आधी तोफ गोड बोलायची असं कुणी सांगितलं तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा. तेव्हाही ती खेकसायचीच. पण तेव्हा खेकसायला माणसं समोर असायची. एका खाटेला चार-चार नातेवाईक, कुणी पाय चेपतंय, कुणी फळं कापतंय, कुणी नुसतंच खाटेच्या कडेवर बसून वाट अडवतंय. ती त्यांना हाकलायची आणि दहा मिनिटांत ते मागच्या दाराने हजर. त्यांच्याकडूनच तिला सगळं कळायचं, कोणता म्हातारा गोळी गालात दडवतो आणि कुणाला अंधारात भीती वाटते. प्रत्येक पेशंट तिला नावानिशी पाठ. नव्या मुलींपैकी कुणी "सात नंबरला ताप आहे" म्हटलं की ती विचारायची, "सात नंबर काय गं, बस आहे का ती?"

साथ आली आणि महिन्याभरात तीही नंबरावर आली. सहा तास तो सूट अंगात, पाण्याचा घोट नाही, लघवीला जाता येत नाही, चष्म्यावर वाफ, हातात दोन-दोन मोजे. रोज तीन माणसं जायची, चार नवी यायची. नावं पाठ करायची कुणी आणि कशासाठी? नातेवाइकांनाही बजावून ठेवलं होतं, नाव सांगत बसू नका, नंबर सांगा. हे बजावणारी तोफच.

घरी तरी सुख होतं म्हणता? इमारतीच्या सेक्रेटरीने लिफ्टच्या दारावर कागद डकवला होता, रुग्णालयात काम करणाऱ्यांनी जिना वापरावा. अख्ख्या इमारतीत रुग्णालयात काम करणारी ती एकटी. याच माणसाने पहिल्या आठवड्यात गॅलरीत उभं राहून नर्सेससाठी टाळ्या बडवल्या होत्या. ती पाच मजले चढायची आणि पायरीगणिक त्याला एक शिवी हासडायची. नवरा दाराबाहेर ताट ठेवून, दार वाजवून पळून जायचा. आपण जनावर आहोत की काय असं तिला वाटायचं, आणि तसं ती दाराआडून ओरडून सांगायचीही.

तर गुरुवार. नऊ नंबरचा फोन लावला, तर लेक तोंड फिरवून बसलेली. आईच तेवढी बोलत होती. मंगळवारी बोलली होती तेच पुन्हा, दम खात-खात. "तुम्ही तेव्हा बदली घेतली नाहीत, म्हणून जन्मभर टोचून बोलले मी तुम्हाला. तुमचंच बरोबर होतं हो. चुकले मी. ऐकताय ना? ऐकलंत तर हात हलवा." आणि पालथ्या माणसाचा उजवा हात पुन्हा हळूहळू वर आला, जरा वेळ तसाच राहिला आणि गादीवर पडला. आई पदर तोंडाला लावून रडली. दोन मिनिटं उलटून गेली तरी तोफेने टॅब खाली घेतला नाही. वीस वर्षांची नोकरी झाली तरी माणूसच ना ती.

पुढे दहा, अकरा, बारा. तेरा नंबरला फोन नव्हता. यादीत तेरापुढे लिहिलं होतं, 'कोणी नाही.' कुणी ट्रक ड्रायव्हर होता म्हणे, रस्त्यात ट्रक उभा करून स्वतःच चालत दवाखान्यात आलेला, मागेपुढे कुणी नसलेला. टॅब जवळून जाताना तेरा नंबर रोज हात उचलायचा. मंगळवारी तिने विचारलं, "पाणी हवंय का काका?" आणि नळीने पाणी पाजलं. बुधवारी म्हणाली, "तुम्हाला फोन नाहीये, काका. झोपा." गुरुवारी तिची चौदा नंबरकडे जायची घाई, तेवढ्यात तेरा नंबरने तिची बाही पकडली. घट्ट.

"हात काढा!" ती खेकसली. "सूट फाटेल माझा. सांगितलं ना, तुमचा फोन नाही म्हणून?"

त्याने हात काढला. ती चौदाकडे गेली.

शुक्रवारी दुपारी दोनला ती आली आणि सूट चढवायच्या आधी बाहेरच्या टेबलावरची वही पाहिली. सकाळच्या पाळीत दोघं गेले होते. एका नावापुढे नातेवाइकाच्या रकान्यात 'मुलगी' आणि फोनचा नंबर. तो नंबर तिला तोंडपाठ झाला होता. वकीलिणीचा बाप गेला. नऊ नंबर गेला. तोफेला वाईट वाटलं, आणि पाठोपाठ हेही वाटलं, सुटलं बाई, आज चारला तिचं तोंड बघायला नको. असं मनात आलं त्याची तिला लाज वाटली.

ती आत गेली, तर नऊ नंबर खाटेवर जिवंत. पालथा, मास्क लावलेला, पाठ वरखाली होतेय.

ती भिंतीवरचा आकडा बघत राहिली. नऊ. पिवळ्या रंगात, मोठ्ठा. मग खाली वाकून खाटेला बांधलेला कागद तिने पहिल्यांदाच नीट वाचला. औषध देणारी सिस्टर वेगळी, फोनवाली वेगळी, त्यामुळे त्या कागदाशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. कागदावर वहीतलं नाव नव्हतंच, नाव ड्रायव्हरचं होतं, आणि नातेवाइकापुढे 'कोणी नाही'. ती धावली. त्या सुटात धावणं म्हणजे पाय कापडात अडकून थोबाड फुटायचं काम, तरी धावली. तेराच्या भिंतीखाली रिकामी गादी होती आणि एक आया ती औषधाने पुसत होती.

"इथला कुठाय?"

"गेले ना सकाळी," आया म्हणाली.

झालं होतं ते अगदी साधं. मंगळवारी सकाळी नऊच्या भिंतीतला ऑक्सिजनचा नळ दाब कमी देऊ लागला. लेकीच्या बापाला ऑक्सिजन जास्त लागायचा आणि ड्रायव्हर त्या मानाने बरा होता. म्हणून सकाळच्या पाळीतल्या लंबू ब्रदरने दोन खाटा अदलाबदल केल्या. हा ब्रदर म्हणजे वॉर्डातला एकुलता एक पुरुष नर्स, कामाला वाघ. खाटेबरोबर औषधांचे कागद गेले, सलाईन गेलं, सगळं बरोबर गेलं. बाहेरच्या वहीतही त्याने लिहिलं. फक्त टॅबच्या पाठीवर चिकटवलेली फोनची यादी कुणी बदलली नाही, कारण त्या यादीत नावं नव्हतीच. भिंतीचा आकडा आणि पुढे फोन. दुपारी तोफ आली, तिने आकडा पाहिला आणि फोन लावला.

म्हणजे त्या बाईने दोनदा परक्या ड्रायव्हरकडे माफी मागितली. आणि ज्याच्याकडे मागायची, तो चार खाटा पलीकडे हात वर करून पडला होता.

तोफ परत नऊपाशी आली आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी गुडघ्यावर बसली.

"तुम्हाला कळत होतं ना, की त्या तुमच्या कुणी नाहीत?"

त्याने एक डोळा उघडला. मास्क बोटाने जरासा उचलून म्हणाला, "कळत होतं."

"मग बोलला का नाहीत? तोंड शिवलं होतं का?"

"मास्क काढला की तुम्ही ओरडता."

हे ऐकून ती जास्तच चिडली. "हात हलवायला बरं जमलं!"

"त्या माउली विचारत होत्या, ऐकताय का? मी ऐकत होतो." त्याला धाप लागली. त्याने मास्क सोडला, दोन-तीन श्वास ओढले आणि पुन्हा उचलला. "माझ्याशी असं कुणी बोललं नाही, बाई. मला वाटलं, बोलू दे. माझं चुकलं असेल."

"चुकलं असेल काय! मास्क लावा आधी," ती म्हणाली आणि उठली. त्याचा राग करावा तर कसा करणार? मेला तीन दिवस दुसऱ्याच्या बायकोच्या शब्दांवर तगला होता.

संध्याकाळी पाळी संपल्यावर मेट्रनबाईंच्या खोलीत तोफ आणि लंबू ब्रदर उभे. मेट्रनबाईंनी दार लावून घेतलं. साथ आल्यापासून त्या वॉर्डात एकदाही पाऊल न टाकता उंटावरून शेळ्या हाकत होत्या, पण दार लावण्यात पटाईत.

"मी वहीत लिहिलं होतं," लंबू ब्रदर म्हणाला.

"टॅबच्या यादीत लिहिलंस?"

"ती टॅबवाल्याने बघायची. माझ्या हातात तेव्हा दोन जीव होते, सिस्टर, यादी नव्हती."

"एक ओळ बदलायला किती वेळ लागतो रे?"

"आणि खाटेवरचा कागद वाचायला किती वेळ लागतो? ती मुलगी तुम्हाला ओरडून सांगत होती, हा माझा बाप नाही. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. तुम्ही तिला वेड्यात काढलंत. आता माझ्या नावाने खडे फोडू नका."

खरं बोलला होता मेला.

"पुरे," मेट्रनबाई म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या बाईंचा दुपारी ऑफिसात फोन आला होता. नवऱ्याने शेवटी माझं ऐकलं, हात हलवला, म्हणून आभार मानत होत्या. रडत होत्या, पण समाधान होतं त्यांना. ते तुम्ही काढून घेणार? कशासाठी?"

"खरं आहे ते सांगायला नको?"

"गेल्या आठवड्यात नातेवाइकांनी खालच्या काचा फोडल्या, विसरलात? एका डॉक्टरचं डोकं फुटलं. सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तुमची वीस वर्षं जातील, या पोराचं नाव नर्सिंगच्या रजिस्टरमधून उडेल आणि त्या बाईंचा नवरा काही परत येणार नाही. कळलं?"

कळलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वाईट याचं की मेट्रनबाईंचं म्हणणं तिला पटलं होतं. त्या म्हातारीच्या हातात तेवढा एक हलवलेला हात उरलाय, तो कशाला हिसकावायचा? रात्री अंथरुणावर तिने स्वतःला शंभरदा हेच सांगितलं आणि शंभरदा तिची बाही कुणीतरी धरली.

गेलेल्यांच्या वस्तू न्यायला नातेवाईक दुसऱ्या दिवशी अकराला मागच्या फाटकाशी यायचे, म्हणजे वकीलीण शनिवारी. पिशवी द्यायला वॉर्डातलं कुणीतरी जायचं. ब्रदर म्हणाला, मी जातो. त्या दिवशी सकाळच्याच पाळीला आलेली तोफ म्हणाली, "तू बस." ती गप्प राहायचं ठरवूनच निघाली होती. पिशवी द्यायची, सही घ्यायची, मागे फिरायचं. फार तर शिव्या खायच्या. शिव्यांची तिला सवय होती.

लेक फाटकापाशी उभी होती. टॅबवर दिसायची त्यापेक्षा ठेंगणी, डोळे सुजलेले. मागे गाडीत आई बसली होती, काच खाली केलेली. तोफेने सहा फुटांवरच्या टेबलावर पिशवी ठेवली. चष्मा, घड्याळ, चपला, फोन. लेकीने सही केली. आता तोंड सुटणार, म्हणून तोफेने पाय घट्ट रोवले.

"सिस्टर, मी तुम्हाला नको-नको ते बोलले. मला माफ करा," लेक म्हणाली.

"राहू द्या ते."

"नाही, ऐका. माझ्या डोक्यात भूतच शिरलं होतं, ते बाबा नाहीत म्हणून. गुरुवारी आई बोलत होती आणि मी तोंड फिरवून बसले. एक शब्द बोलले नाही बाबांशी. ते ऐकत होते, हात हलवत होते, आणि मी भिंतीकडे बघत होते." तिचा आवाज फाटला. "तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. मला माझा बाप ओळखता आला नाही."

"असं होतं कधीकधी," एवढं म्हणून तोफेला मागे फिरता आलं असतं. तीन शब्द. मेट्रनबाई खूश, ब्रदर खूश, म्हातारी खूश. तोफेने ते तीन शब्द जिभेवर घेतलेही.

"तुम्हाला ओळखता आला होता," ती म्हणाली.

"काय?"

"तो तुमचा बाप नव्हता. तुमचंच खरं होतं. मी चुकले."

मग तिने सगळं सांगितलं. नळाचा दाब, दोन खाटा, टॅबच्या पाठीवरची यादी. ब्रदरचं नाव घेतलं नाही. फोन मी लावला, आकडा मी पाहिला, माणूस मी पाहिला नाही, असं म्हणाली. वकीलीण गप्प राहिली की इतकी भयंकर दिसते हे तोफेला माहीत नव्हतं.

"म्हणजे बाबांना फोन गेलाच नाही?"

"तीन दिवस नाही."

"शुद्धीवर होते ते?"

"होते."

"वाट बघत होते?"

तोफेला खोटं बोलता आलं असतं, पण आता एकदा सुरुवात झाली होती. "टॅब दिसला की हात वर करायचे. गुरुवारी माझी बाही धरली. मी म्हटलं, हात काढा."

"का?"

"सूट फाटेल म्हणून."

लेकीचा हात वर गेला. थोबाडीत बसणार हे तोफेला दिसलं आणि ती हलली नाही. बसली असती तर बरं झालं असतं. पण गाडीतून हाक आली, "काय गं, काय म्हणतायत सिस्टर?" आणि तो हात खाली आला.

"काही नाही, आई. आलेच," लेक मोठ्याने म्हणाली. मग टेबलापर्यंत पुढे आली आणि दात-ओठ खात, अगदी हळू आवाजात बोलू लागली. "तुम्हाला मी सोडलं नसतं. तक्रार केली असती, कोर्टात खेचलं असतं. तुम्हाला रस्त्यावर आणलं असतं. पण मी कुठेही गेले तरी ते आईच्या कानावर जाणार. कालपासून ती त्या एका हातावर जगतेय, कळतंय का तुम्हाला? ज्याचा फोन येईल त्याला तेच सांगतेय. ह्यांनी माझं ऐकलं, ह्यांनी मला माफ केलं. आता मी काय करू? तिच्यापाशी रडूसुद्धा शकत नाही मी."

"माझ्या मनात असं नव्हतं. तुम्ही स्वतःला दोष देत होतात, म्हणून..."

"तुमच्या मनात काय होतं ते घाला चुलीत. तुम्ही सांगून मोकळ्या झालात, सिस्टर. मी कुणाला सांगू?"

लेकीने पिशवी उचलली.

"चला," लेक म्हणाली. "आईला भेटायचंय तुम्हाला. सकाळपासून म्हणतेय. आणि तिच्यासमोर तोंड सांभाळा."

आईने गाडीच्या खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, मग साथीची आठवण होऊन अर्ध्यात मागे घेतले. "सिस्टर, तुम्ही जवळ होतात म्हणून झालं हो. नाहीतर मनातलं मनातच राहिलं असतं माझ्या. त्यांनी नक्की ऐकलं ना? मला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणू नका हं."

लेक तोफेच्या मागे येऊन उभी होती. इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता.

"ऐकलं, काकू. शब्द न्‌ शब्द ऐकला."

"फोन ठेवल्यावर काही म्हणाले का?"

तोफेने मान वळवून लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर हलवली नाही.

"सांगा ना, सिस्टर," लेक म्हणाली. "बाबा काय म्हणाले ते सांगा आईला."

"म्हणाले..." तोफ म्हणाली, "म्हणाले, बदलीचं मी कधीच मनात ठेवलं नव्हतं. तिला म्हणावं, तूही ठेवू नकोस."

आईने तोंडावर हात ठेवला. रडता-रडता ती हसलीसुद्धा. "अस्संच बोलतात हो ते! अगदी अस्संच! ऐकलंस का गं? आणखी काय म्हणाले?"

तोफेने फाटकाकडे पाहिलं. आत जायची वेळ कधीच झाली होती.

"सांगा, सिस्टर," मागून लेकीचा आवाज आला. "आईला आणखी ऐकायचंय."